ताकोत्सुबो: धसक्याचं चित्र

आमच्या राहुरीकडे म्हणतात, "म्हातारीनं लेकाचा धसका घेतला." मी पीएचडी करतोय हृदयाच्या प्रतिमांवर, संध्याकाळी ऑनलाइन जपानी शिकतो. परवा वर्गात 'ताको' शब्द आला आणि दोन्ही धागे जुळले.

१९९० साली हिरोशिमाच्या डॉ. हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी काही विचित्र रुग्णांची नोंद केली. छातीत कळ, ईसीजी हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या! डाव्या कप्प्याचं टोक मात्र फुगलेलं आणि मान अरुंद, आपल्या चंबूसारखी. त्यांना आठवलं ऑक्टोपस धरायचं मडकं: 'ताको' म्हणजे ऑक्टोपस, 'त्सुबो' म्हणजे मडकं. तेच आजाराचं नाव झालं.

२००४ च्या निइगाता भूकंपानंतर तिथं असे रुग्ण वाढले, बहुतेक उतारवयातल्या बायका. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं भलतीच वाढलेली असतात.

म्हणजे धसका खोटा नव्हता. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत सावरतं, पण काही जण दगावतातही. म्हणून "धसकाच आहे" म्हणत आजीला घरी ठेवू नका. धसका की ब्लॉकेज, हे नुसत्या लक्षणांवरून कळत नाही. आधी दवाखाना गाठा.