मोठा पगार आणि 'कामगार' ही व्याख्या

मंडळी, आपण कॉटन ग्रीनला जमलोय, तेव्हा कापसापासूनच सुरुवात करू. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे शिवडीच्या अंगाला आला, गोदामं उभी राहिली. त्या जगात गाठी वाहणारा हमाल होता, हिशेब लिहिणारा कारकून होता, बोटांत तंतू ओढून कापसाची प्रत सांगणारा जाणकार होता आणि सगळ्यांवर देखरेख करणारा साहेब होता. यांतल्या कुणालाही 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं, तर दाद कुठे मागायची? चौघांना उत्तर एकच नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' म्हणजे अंगमेहनतीचं नाहीतर कारकुनी काम करणारा. १९४९ साली मुंबईच्याच वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात फेडरल कोर्टानं मान्य केलं, की औद्योगिक न्यायाधिकरण काढलेल्या माणसाला परत कामावर घ्यायला लावू शकतं. साध्या करार-कायद्यात हे होत नाही. तिथे कोर्ट म्हणतं, नोकर मालकावर लादता येत नाही, भरपाई घ्या. ती भरपाई बहुधा नोटिशीच्या पगाराएवढीच. साहेबाच्या वाट्याला आजही एवढंच येतं.

१९५६ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीचं काम व्याख्येत आलं. देखरेख करणाऱ्याला मात्र महिना ५०० रुपयांची मर्यादा. मग ती १,६०० झाली, २०१० मध्ये १०,०००, आणि २०२० च्या संहितेत १८,०००. इथे शिकलेली माणसंही गफलत करतात. मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्याला आहे. तांत्रिक काम करणाऱ्याचा पगार कितीही असो, तो कामगार राहू शकतो; व्यवस्थापकाचा पगार कमी असला तरी तो बाहेरच.

म्हणजे प्रश्न पैशाचा कमी, कामाच्या स्वरूपाचा जास्त. (आमच्या तत्त्वज्ञानातला जुनाच वाद, नाव आणि वस्तू यांचा.) मुंबईच्या सिबा-गायगीच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं पदाकडे न पाहता मुख्य काम पाहिलं. ते कारकुनी होतं, म्हणून माणूस कामगार ठरला.

पण याच कसोटीनं काही सुशिक्षित लोक उघड्यावर पडले. गोव्यातली एक शिक्षिका १९८८ मध्ये कामगार ठरली नाही, कारण शिकवणं व्याख्येतल्या कोणत्याच खणात बसेना. १९९४ च्या सॅन्डोझ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं, निकाल पी. बी. सावंतांनी लिहिलेला, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबद्दल तेच म्हटलं. त्यांना १९७६ च्या वेगळ्या कायद्यानं केंद्रीय संरक्षण मिळालं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित प्रथांच्या कायद्याचं दार मात्र तेव्हा बंद राहिलं. मला हे खटकतं. शिकवणं काय, पटवून देणं काय, हेही कष्टच की!

आता तुमच्या घरातला संगणक-अभियंता घ्या. कार्डावर 'टीम लीड', पगार भरपूर. कोर्ट विचारेल: रजा मंजूर करतोस का? हाताखालच्याचं मूल्यमापन तुझं अंतिम असतं का? की दिवसभर स्वतःच कोड लिहितोस?