पाण्यापेक्षा किती जड

साखरेचा पाक एकतारी झाला की नाही, हे आपल्याकडे दोन बोटांत पाहतात. अंगठा आणि तर्जनी मिटायची, अलगद उघडायची, मध्ये तार धरली तर गॅस बंद. पाकातले रव्याचे लाडू करताना कुणी कढईत काचेची नळी बुडवून आकडा वाचत नाही, आणि लाडू तरी होतात. कधी दगड होतात, कधी बसत नाहीत, पण होतात. घरी बीअर करणारी मंडळी जगभर ज्या मुद्द्यावर हिरिरीने भांडतात, तो याच जातीचा आहे. पाकाची घनता यंत्राने मोजायची, की डोळ्यांवर, जिभेवर आणि सवयीवर सोडून द्यायची? एक पक्ष म्हणतो, मोजल्याशिवाय तुम्हाला काय कळणार? दुसरा म्हणतो, हजारो वर्षं लोक काय मोजत होते?

दुसऱ्या पक्षाचा मुद्दा इतिहासातून आलेला आहे, म्हणून तो इतिहासातच तपासून पाहावा.

आधी यंत्र. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बुडवायचा लॅक्टोमीटर आपण पाहिलेला असतो. हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. खाली वजन असलेली, वर अरुंद होत जाणारी काचेची नळी द्रवात सोडायची. द्रव जितका दाट, तितकी ती वर तरंगते. शुद्ध पाण्यात ती १.००० दाखवते. मोड आणून सुकवलेले सातू, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड काढा मिळतो. इंग्रजीत त्याला वर्ट म्हणतात. साध्या बीअरच्या वर्टमध्ये नळी १.०५० च्या आसपास उभी राहते, म्हणजे हा काढा पाण्याहून पाच टक्के जड. मग यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू करतं, द्रव हलका होतो आणि नळी बुडत बुडत १.०१० वर येते. दोन आकड्यांतल्या फरकाला साधारण १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी. इथे सव्वापाच. कृती एवढीच. दोनदा वाचायचं, एकदा वजा करायचं.

हे तत्त्व जुनं आहे. इसवी सन ४०० च्या आसपास सायनेसियसने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून असंच एक यंत्र करून मागितलं होतं, आणि १६७५ मध्ये रॉबर्ट बॉइलने नाण्यांतली भेसळ ओळखायला एक तरंगतं उपकरण सुचवलं. बीअर करणाऱ्यांना मात्र त्याची गरज वाटली नव्हती. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं बीअर घरातल्या बायका करत. पाणी किती तापलं हे कळायला एक युक्ती होती. वाफ थोडी विरली आणि पाण्यात आपला चेहरा दिसला की माल्ट टाकायचा. दाटपणासाठी अंडं. सर केनेल्म डिग्बीच्या १६६९ साली छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात मधाचं मद्य करताना अंडं तरंगवून पाहायला सांगितलं आहे. अंड्याचा नाण्याएवढा भाग वर राहिला की मध पुरेसा झाला. हा हायड्रोमीटरच की, फक्त त्यावर रेघा नाहीत. (बीअर तपासणारे अधिकारी चामडी विजार घालून बीअर सांडलेल्या बाकावर बसत आणि विजार चिकटते का ते पाहत, ही गोष्ट मात्र खरी मानू नये. ती फारच सोयीस्कर आहे.)

म्हणजे ‘पूर्वी कुणी मोजत नव्हतं’ हे म्हणणं अर्धंच खरं. मोजत होते, पण मोजमाप ज्याचं त्याच्यापुरतं होतं. या वेळचं अंडं मागच्या अंड्याशी ताडून बघता येत नव्हतं, आणि शेजारणीच्या अंड्याशी तर नाहीच.

ही ताडून बघण्याची गरज घरात निर्माण झाली नाही. ती लंडनच्या कारखान्यांत झाली. अठराव्या शतकात पोर्टर नावाची काळपट बीअर तिथल्या हमालांपासून सगळ्यांची झाली आणि ती करणारे लोक अफाट श्रीमंत झाले. एका वेळी शेकडो पिंपं भरली जाऊ लागली की माल्टमधला शेकड्यात दोन-चारचा फरकही मोठ्या रकमेचा होतो. १७६२ मध्ये मायकेल कॉम्ब्रून याने बीअरवरच्या आपल्या ग्रंथात थर्मामीटरचा आग्रह धरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हॅम्पशरमधल्या ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने हायड्रोमीटर मिळवला. बापाला असली थेरं पसंत नव्हती, म्हणून तो वडिलांच्या नकळत प्रयोग करी. १७७० च्या सुमारास तो लंडनला सॅम्युएल व्हिटब्रेडकडे गेला. चिझ्वेल स्ट्रीटवरचा व्हिटब्रेडचा कारखाना त्या काळी देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक. व्हिटब्रेडने सगळं ऐकून घेतलं आणि असल्या हवेतल्या गोष्टी सोडून घरच्या धंद्याकडे बघ, असं सांगून पोराला वाटेला लावलं. ही हकीकत बॅव्हरस्टॉकच्या मुलाने पुढे छापली, तेव्हा तिला मुलाच्या अभिमानाचा रंग असणारच. तरी व्हिटब्रेडचं म्हणणं मला मूर्खपणाचं वाटत नाही. त्याची पोर्टर खपत होती. नळी बुडवून ती आणखी काय खपणार होती?

बॅव्हरस्टॉकला आसरा मिळाला तो सदर्कच्या हेन्री थ्रेलकडे, डॉ. जॉन्सन ज्याच्या घरी मुक्कामाला असत तो हा थ्रेल. पण थ्रेलच्या विज्ञानप्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हंफ्री जॅक्सन नावाच्या एका रसायनवाल्याने त्याला माल्ट आणि हॉप्सशिवाय बीअर करण्याची विद्या विकली. त्या नादात १७७२ मध्ये धंदा बुडायच्या बेतात आला आणि बायको हेस्टर हिला आईकडून, स्नेह्यांकडून पैसे उभे करून तो वाचवावा लागला. एकाच माणसाच्या दारात एकाच काळात हायड्रोमीटरवाला आणि थापाड्या दोघं उभे होते, आणि दोघांची भाषा सारखीच होती. व्हिटब्रेडची सावधगिरी इथून पाहिली की समजते.

ज्याने हे यंत्र खपवलं तो हल शहराचा जॉन रिचर्डसन. १७८४ मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यात त्याने यंत्राला सॅकरोमीटर, म्हणजे शर्करामापक, हे भारदस्त नाव दिलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकक बदललं. त्याची पट्टी पौंडांत होती. एक पिंप वर्ट एक पिंप पाण्यापेक्षा किती पौंड जड? आता आकडा थेट वहीत चढवता येत होता. अमुक माल्टला इतके पैसे दिले, त्यातून इतके पौंड निघाले. रिचर्डसनने चवीबद्दल काही सांगितलंच नाही असं नाही, पण ज्या एककात तुम्ही मोजता त्यावरून तुम्हाला काय हवं आहे ते उघड होतं. हे एकक मुनीमजींचं होतं.

आणि मुनीमजींनी वही उघडल्यावर पोर्टरच बदलली. ही बीअर लाकडाच्या जाळावर भाजलेल्या तपकिरी माल्टपासून होई. तो स्वस्त मिळे, म्हणून किफायतशीर समजला जाई. नळीने दाखवलं की महागड्या फिक्या माल्टच्या तुलनेत त्यातून साधारण दोन-तृतीयांशच अर्क निघतो. म्हणजे स्वस्त वाटणारा मालच महाग पडत होता. पुढे नेपोलियनशी लढाया सुरू झाल्या, माल्टवरचा कर चढला आणि कारखानदार झपाट्याने फिक्या माल्टकडे वळले. पण मग पोर्टर काळी कशी दिसणार? जळवलेल्या साखरेचा रंग घालायला १८११ मध्ये परवानगी मिळाली, १८१६ मध्ये ती काढून घेतली, आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफीच्या बियांसारखा फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजण्याचं पेटंट घेतलं. आज स्टाउटच्या ग्लासात जी जळकट कडू चव लागते, तिचं घराणं इथून सुरू होतं. जिभेची तक्रार नसताना हिशेबाने एक चव घालवली आणि दुसरी आणली. नवी वाईट होती असं मी म्हणणार नाही, मला ती आवडते. पण हायड्रोमीटर फक्त ‘असतं ते दाखवतो’, हे म्हणणं त्यानंतर भाबडं ठरतं.

कारखानदाराला जे मोजता येतं ते सरकारलाही येतं. ग्लॅडस्टनने १८८० मध्ये माल्टवरचा कर काढून टाकला आणि थेट वर्टवर लावला. १.०५७ गुरुत्वाचं ३६ गॅलनांचं पिंप हे प्रमाण धरून त्यानुसार आकारणी. अबकारी अधिकारी यीस्ट कामाला लागण्याआधीच्या गुरुत्वावर कर ठरवू लागला. स्वतःपुरती बीअर करणाऱ्या घरांनाही याच कायद्याने परवाना लागू झाला. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायचं म्हणून गुरुत्वावरच मर्यादा आल्या. युद्धाआधी सरासरी १.०५२ च्या आसपास असलेली ब्रिटिश बीअर युद्ध संपेपर्यंत १.०३० च्या आसपास उतरली. घरच्या परवान्याची अट गेली ती थेट १९६३ मध्ये, रेजिनाल्ड मॉडलिंगच्या अर्थसंकल्पात. कारखान्यांवरचा कर मूळ गुरुत्वाऐवजी तयार अल्कोहोलवर यायला १९९३ साल उजाडलं.

हीच नळी मुंबई इलाख्यातही आली, फक्त गाळलेल्या दारूसाठी. साइक्सचा हायड्रोमीटर ब्रिटनमध्ये १८१६ मध्ये कायद्याने प्रमाण झाला. ५१ अंश फॅरनहाइटला ज्या दारूचं वजन तेवढ्याच पाण्याच्या १२/१३ भरतं ती ‘प्रूफ’. आजच्या भाषेत ५७.१ टक्के अल्कोहोल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू ‘अंडर प्रूफ’च्या ठरलेल्या अंशांवर विकली जाऊ लागली, आणि पाड्यावर स्वतःपुरती गाळणारा आदिवासी गुन्हेगार झाला. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ हा विचित्र आकडा दिसतो, तो याच पट्टीचा. २५ अंश अंडर प्रूफ, म्हणजे ५७.१ चे तीन-चतुर्थांश. दशांशातलं ते शेपूट साइक्सचं आहे.

मग घरी बीअर करणाऱ्याने हे गुरुत्व वाचावं की नाही? (महाराष्ट्रात बसून हा प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर परवान्याशिवाय अमलात आणलं तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो.) अमेरिकेत जिमी कार्टरने १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअर मोकळी झाली. त्या चळवळीचा गुरू चार्ली पपेझियन याचं १९८४ चं पुस्तक वाचकाला सतत सांगत राहतं की काळजी करू नका, निवांत राहा. न मोजणारे त्याचीच साक्ष काढतात. पण हायड्रोमीटर कसा वाचायचा, हेही त्याच पुस्तकात आहे.

माझं मत असं की या भांडणात दोन वेगळे आकडे एकाच नावाने वावरतात. पहिला, यीस्ट घालण्याआधीचा, हा बॅव्हरस्टॉकचा आणि ग्लॅडस्टनचा आकडा. माल्टमधून किती निघालं, कर किती. घरी करणाऱ्याला कर नाही, आणि तो तयार माल्टअर्काचा डबा वापरत असेल तर साखर किती हे डब्यावरच लिहिलेलं असतं. उलट घट्ट अर्क आणि वरून ओतलेलं पाणी नीट मिसळलं नसेल तर नळीच खोटं बोलते. धान्यापासून सुरुवात करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा प्रश्न हुबेहूब बॅव्हरस्टॉकचा आहे, आणि उत्तरही नळीतच आहे.

दुसरा, शेवटचा आकडा, हा मात्र कुणा मुनीमजींचा नाही. कारखान्यातली बीअर पिंपात मुरे आणि पिंपाला बूच असे. घरची बीअर काचेच्या बंद बाटलीत जाते. बाटलीत फेस यावा म्हणून थोडी साखर मुद्दाम घालतात, त्यातून दर लिटरमागे साधारण अडीच लिटर वायू तयार होतो. तीनच्या पुढे साध्या बाटलीचा भरवसा नाही. आणि गुरुत्वाचा प्रत्येक ०.००१, म्हणजे नळीवरची एक बारीक रेघ, आणखी सुमारे अर्धा लिटर वायू सोडते. १.०१४ वर यीस्ट नुसतं पेंगलं असेल, आपण ते संपलं समजून बाटल्या भरल्या आणि उन्हाळ्यात ते जागं होऊन १.००८ पर्यंत गेलं, तर लिटरमागे तीन लिटर वायू जास्त. ती बाटली फुटते, आणि काच कुणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं, हा भरवसा इथे कामाचा नाही. झाकणाला फट असली तरी बुडबुडे थांबतात, आणि खोली तापली की यीस्ट झोपलेलं असतानाही येतात. जीभही चकते, कारण हॉप्सचा कडवटपणा उरलेली गोडी झाकतो.

घरातल्या बायका अंडं तरंगवत तेव्हा बीअर आठवड्याभरात संपे. आपण ती महिनोन्महिने काचेत कोंडून ठेवतो, तेव्हा त्यांचा दाखला आपल्याला लागू पडत नाही. या आकड्याची अचूक किंमतही महत्त्वाची नाही. बाजारातल्या बहुतेक नळ्या २० अंश सेल्सिअसला बेतलेल्या असतात, पुण्यामुंबईच्या ३० अंशांत त्या अडीच रेघा कमी दाखवतील. दाखवू देत. आज वाचायचं, तीन दिवसांनी त्याच खोलीत, त्याच वेळी पुन्हा वाचायचं. नळी त्याच रेघेवर उभी असेल तर बाटल्या धुवायला घ्याव्यात.