दिवाळे नवऱ्याचे, डबा बायकोचा



पूर्वी दिवाळे निघाले की पेढीवर भर दुपारी दिवा लावत, असे आमच्या सासूबाई सांगायच्या. लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीत आले, तेव्हा त्यांचे एकच पालुपद होते: दुकान बुडाले की बाईचा डबाही जातो. मी बी.कॉम. झालेली, पण दिवाळखोरीचे प्रकरण परीक्षेपुरतेच पाठ केलेले. पुढे सावकाश वाचले तेव्हा कळले, सासूबाईंची भीती अर्धीच खरी होती.

मुंबई शहराला 1909 चा कायदा होता, आपल्या पश्चिम खानदेशाला 1920 चा. 500 रुपयांचे देणे झाले की नादारीचा अर्ज करता येई. मग मालमत्ता कोर्टाकडे जाई, पण फक्त नवऱ्याची. बायकोचे स्त्रीधन तिचेच. शिवाय 1908 च्या दिवाणी संहितेप्रमाणे घरातले आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे आणि धर्माच्या रीतीने बाईने अंगावरून उतरवायचे नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्राला हात लागत नाही तो यामुळे.

विम्याची गोष्ट मला फार आवडते. नवऱ्याने बायको-मुलांसाठी म्हणून उतरवलेल्या विम्यावर घेणेकऱ्यांचा हक्क नाही, हे 1874 च्या कायद्यात होते. आपल्याला ते लागू आहे का, याचा मात्र वाद होता. 1923 मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, मुसलमान, शीख यांच्याबरोबर 'जैन' हा शब्दही त्यात आला. मद्रासबाहेर 1 एप्रिल 1923 नंतरच्या पॉलिसींना हे संरक्षण आहे. अट एकच, घेणेकऱ्यांना फसवायला पॉलिसी काढलेली नसावी.

आणि बुडायच्या बेतात असताना घर बायकोच्या नावावर करणाऱ्यांचे काय? नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकते. लग्नाआधी लग्नासाठीच दिलेले त्यातून सुटते.

2016 ची नवी संहिता आली, पण व्यक्तींपैकी ती आजवर फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झाली. आपल्या दुकानदाराला अजून 1920 चाच कायदा.

प्राप्तिकरात नवरा-बायको वेगळे. त्याच्या धंद्यातला तोटा तुमच्या भाड्यातून वजा होत नाही. उलट त्याने तुमच्या नावे ठेव ठेवली, तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरतात.

सिबिलही ज्याच्या त्याच्या पॅनवर. फक्त सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल, तर थकलेला हप्ता तुमच्याही नावावर चढतो. सासूबाईंना अशी सही कोणी मागितली नाही. मला गोदामाच्या कर्जाच्या वेळी चहाचा कप हातात असतानाच मागितली, "वहिनी, इथे फक्त एक सही."

मी आधी कागद वाचायला मागितला. चहा गार झाला.