कोणत्या ‘मुळा’शी इमान? : ‘पिनोक्यो’चे अभिनीत चित्रपट आणि मतभेदांचा इतिहास

बालवाङ्मयातील एखाद्या अभिजात कथेवर हाडामांसाच्या नटांना घेऊन चित्रपट निघाला, की त्याविषयी बहुधा दोन तट पडतात. एका पक्षाला तो मूळ कृतीशी इमान राखणारा वाटतो, तर दुसऱ्याला तिची हानी करणारा. या वादांची मांडणी सामान्यतः ‘मूळ संहिता’ आणि ‘रूपांतर’ या दोन पदांत केली जाते. प्रस्तुत निबंधात कार्लो कोल्लोदी यांच्या ‘पिनोक्यो’वरील अभिनीत चित्रपटांच्या, विशेषतः रोबेर्तो बेनिन्यी यांच्या २००२ सालच्या चित्रपटाच्या आधारे, असे दाखवावयाचे आहे की वादी आणि प्रतिवादी पुष्कळदा एकाच मूळ संहितेविषयी बोलत नसतात. प्रत्येकाच्या मनातील ‘मूळ’ वेगळे असते. आणि ते कोणते, याचा निर्णय केल्यावाचून त्या मतांना अभिग्रहणाचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे ठरते.

प्रथम संहितेचा विचार करू. कोल्लोदी (१८२६–१८९०) हे कार्लो लोरेन्झिनी या फ्लॉरेन्सच्या लेखकाचे टोपणनाव. ते त्यांनी आईच्या जन्मगावावरून घेतले. ‘एका बाहुल्याची गोष्ट’ अशा अर्थाच्या शीर्षकाने ही कथा रोमच्या एका बालसाप्ताहिकात जुलै १८८१ मध्ये क्रमशः छापली जाऊ लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पंधराव्या प्रकरणाअखेर, लेखकाने पिनोक्योला ओकाच्या झाडावर फासावर लटकविले आणि कथा संपविली. पुढे १८८२ मध्ये ती नव्या नावाने पुन्हा सुरू झाली, १८८३ च्या जानेवारीत पूर्ण झाली आणि लगेच छत्तीस प्रकरणांचे पुस्तक म्हणून, एन्रिको मात्झान्ती यांच्या चित्रांसह, फ्लॉरेन्समध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या ‘मुळा’चा आधार घेऊन रूपांतरांना दोष दिला जातो, त्यालाच दोन शेवट आहेत : एक मृत्यूचा, दुसरा माणूस होण्याचा. या कथेत भूक आणि दारिद्र्य सर्वत्र आहे. उपदेश करणारा बोलका रातकिडा चौथ्या प्रकरणातच पिनोक्योने फेकलेल्या हातोड्याने मरतो. आणि चोरांनी लुबाडलेला पिनोक्यो न्यायासनापुढे जातो, तेव्हा तुरुंगवास त्यालाच भोगावा लागतो.

दुसरे ‘मूळ’ १९४० साली अमेरिकेत तयार झाले. वॉल्ट डिस्ने यांच्या ॲनिमेशनपटाने त्या मेलेल्या रातकिड्याला पिनोक्योच्या सदसद्विवेकाची भूमिका देऊन कथेच्या केंद्रस्थानी आणले, उर्मट आणि उपाशी बाहुल्याच्या जागी निरागस बालक उभे केले आणि समुद्रातील अजस्र माशाचा देवमासा केला. कलेच्या दृष्टीने ही मोठी कृती होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यामुळे इटलीबाहेरच्या कोट्यवधी प्रेक्षकांसाठी कोल्लोदींचे पुस्तक हेच जणू एक अपरिचित रूपांतर होऊन बसले. कालक्रमाने नंतरची कृती स्मृतिक्रमाने आधीची झाली.

इटलीत मात्र या कथेची स्वतंत्र अभिनीत परंपरा होती. जुलियो आन्तामोरो यांच्या १९११ सालच्या मूकपटात पिनोक्योची भूमिका फेर्दिनान्द गिल्योम या प्रौढ विनोदी नटाने केली होती. लुइजी कोमेन्चिनी यांनी १९७२ साली इटालियन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मालिकेत ती आंद्रेआ बालेस्त्री या मुलाने केली. निनो मान्फ्रेदी जेप्पेत्तो झाले आणि जिना लोल्लोब्रिजिदा परी. कोमेन्चिनींनी एक मोठा बदल केला. त्यांच्याकडे बाहुला कथेच्या आरंभीच मुलगा होतो आणि वाईट वागल्यास पुन्हा लाकूड होण्याची शिक्षा भोगतो. पुस्तकात माणूसपण हे अखेरीस मिळणारे फळ आहे; येथे ते आधीच दिलेले आणि वारंवार हिरावले जाणारे धन आहे. इतका मूलगामी बदल असूनही ही मालिका इटलीतील एका पिढीच्या स्मरणात दृढ झाली. इटालियन प्रेक्षकाचे हे तिसरे ‘मूळ’ होय.

या पार्श्वभूमीवर बेनिन्यींचा चित्रपट ऑक्टोबर २००२ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला. १९९७ सालच्या ‘लाइफ इज ब्यूटिफुल’मुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली होती आणि हा नवा चित्रपट तोवरच्या इटालियन चित्रपटांत सर्वांत खर्चिक होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बेनिन्यींनी पिनोक्योची भूमिका स्वतःच केली. इटलीत मते संमिश्र होती. तरीही ऑस्कर पुरस्कारासाठी देशाची अधिकृत प्रवेशिका म्हणून याच चित्रपटाची निवड झाली, आणि दिवंगत दानिलो दोनाती यांच्या नेपथ्याला व वेशभूषेला ‘दाविद दी दोनातेल्लो’ हे राष्ट्रीय पुरस्कार लाभले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी इंग्रजी ध्वनिमुद्रणासह तो अमेरिकेत आला, तेव्हा समीक्षकांनी त्याचा जवळजवळ एकमुखाने धिक्कार केला. पुढच्या वर्षी ‘रॅझी’ या उपहासात्मक पुरस्कारांत बेनिन्यी वर्षातील सर्वांत वाईट अभिनेते ठरले.

अमेरिकी टीकेचा मुख्य रोख नटाच्या वयावर होता. टक्कल पडू लागलेला, दाढीची खूण लपत नसलेला गृहस्थ बालक कसा, हा तो प्रश्न. परंतु कोल्लोदींनी ज्याला घडविले तो आधी बाहुला आहे, मग बालक. दहाव्या प्रकरणात कळसूत्री रंगमंचावरील हार्लेक्विन आणि पुल्चिनेल्ला त्याला भाऊ म्हणून ओळखतात. आणि ही पात्रे इटालियन लोकनाट्यात प्रौढ नटच वठवीत आले आहेत. आपल्याकडे तमाशातील सोंगाड्याला त्याचे वय कोणी विचारीत नाही, तसेच हे. गिल्योमपासूनचा हा संकेत ज्याच्या जाणिवेत आहे, त्याला बेनिन्यींचे वय हा दोष वाटेलच असे नाही. ज्याच्या मनात १९४० चा गुबगुबीत बालक आहे, त्याला ती केवळ विद्रूपता वाटणार. मात्र इटलीतही ज्यांच्या मनात १९७२ चा बालेस्त्री होता, त्यांना हे वय खटकणे तितकेच स्वाभाविक होते. तेव्हा फाळणी राष्ट्रांची नसून पूर्वस्मृतींची आहे. याला ध्वनिमुद्रणाचीही जोड द्यावयास हवी. बेनिन्यी जन्माने तोस्कानी प्रांतातले, कोल्लोदींचे गद्यही त्याच प्रांताच्या बोलीत मुरलेले. अमेरिकी आवृत्तीत हा आवाजच पुसला गेला. दोन देशांतील समीक्षकांनी काटेकोर अर्थाने एकच चित्रपट पाहिला नव्हता.

याचा अर्थ प्रत्येक प्रतिकूल मत स्मृतीच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे, असा नाही. प्रसंगांशी प्रामाणिक राहूनही चित्रपट निर्जीव असू शकतो, आणि बेनिन्यींच्या कृतीवरील हा आक्षेप स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे. परंतु तो तपासण्याआधी गाळणी लावावी लागते. नंतरच्या दोन चित्रपटांनी तिची उपयुक्तता सिद्ध केली आहे. मात्तेओ गार्रोने यांच्या २०१९ सालच्या चित्रपटात पिनोक्यो पुन्हा लहान मुलगा झाला, बेनिन्यी जेप्पेत्तो झाले आणि पुस्तकातील गरिबी व क्रौर्य पडद्यावर परतले. तेव्हा त्यातील काळोखाला कोणी निष्ठा म्हटले, तर कोणी मुलांसाठी अयोग्य ठरविले. रॉबर्ट झेमेकिस यांच्या २०२२ सालच्या डिस्नेपटाची तुलना तर प्रामुख्याने १९४० च्या ॲनिमेशनपटाशीच झाली. त्याला ‘निकृष्ट पुनर्निर्मिती’चे ‘रॅझी’ मिळाले, ते कोल्लोदींची नव्हे, डिस्नेंची पुनर्निर्मिती म्हणून. येथे पुस्तक वादातून जवळजवळ अंतर्धान पावले आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक कार्यपद्धती मिळते. रूपांतराविषयीचे मत नोंदविताना तीन गोष्टी सोबत नोंदवाव्यात : मत देणाऱ्याची ‘मूळ’ कृती कोणती, त्याने कोणत्या भाषेतील आवृत्ती पाहिली, आणि त्याच्या परंपरेत ती भूमिका कोणत्या देहाने वठविण्याचा संकेत आहे. भारतीय अभ्यासकाने तर ही दक्षता अधिकच बाळगावयास हवी. युरोपीय बालकथा आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेने, संक्षेपांतून आणि चित्रपटांतून आल्या. त्यामुळे ‘हे मुळासारखे नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते मूळ फ्लॉरेन्सचे की कॅलिफोर्नियाचे, याचा उलगडा आपल्याला स्वतःच्या बाबतीतही करावा लागेल. कोल्लोदींच्या पुस्तकाचे स्थान या वादांनी डळमळीत होत नाही. भीती आहे ती दुसरीच : भुकेल्या, दोषी आणि अन्यायाने तुरुंगात गेलेल्या त्या बाहुल्याचा विसर पडून, त्याच्या वतीने केलेला प्रत्येक प्रयत्न आपण मूळ कथेची विटंबना म्हणून नोंदवून ठेवू.