नावावरची शिष्यवृत्ती

गोंडपिपरीकडची कॉलेजची पोरे उन्हाळ्यात आईबापांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जातात. त्या मजुरीत घर चालते, कॉलेज चालत नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेला अशा घरात काय मोल असते, हे मी मास्तरकीच्या काळात जवळून पाहिले.

ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नव्हे. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे निवेदन ठेवले. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार पैसा देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, हा त्यांचा रोकडा सवाल होता. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४८ मध्ये आदिवासी विद्यार्थीही तिच्यात आले.

योजनेत दोन रकमा असतात. निर्वाहभत्ता विद्यार्थ्याचा, शिक्षणशुल्क संस्थेचे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित संस्थांचे पीक आले आणि ही दुसरी रक्कम फुगत गेली. दलित-आदिवासी विद्यार्थी वर्गात नकोसा असेल, पण यादीत तो हवाहवासा झाला! शिक्षणसम्राटांना आमची जात कधी नव्हे इतकी प्रिय वाटू लागली.

२०१४ च्या अखेरीस गडचिरोलीत हे बिंग फुटले. गावोगावी दाखले आणि गुणपत्रिका गोळा करून पोरांची नावे अभ्यासक्रमांना चढवलेली, वर्ग भरलेले नाहीत, शुल्क मात्र उचललेले. गुन्हे नोंदले गेले. संस्थाचालकांबरोबर सरकारी अधिकारीही आरोपी झाले. २०१६ मध्ये राज्य सरकारने पोलीस अधिकारी के. वेंकटेशम यांच्याकडे विशेष तपास सोपवला. तपास राज्यभर पसरला.

आता विद्यापीठांच्या नीतिनियमांकडे पाहा. अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम काढले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, चाळीसपर्यंत पुन्हा लिहा, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. नियम वाईट नाही. उचलेगिरी करणाऱ्या प्राध्यापकांची मला मुळीच कणव नाही. पण वाक्य चोरले तर टक्केवारी मोजणाऱ्या या विनियमांत विद्यार्थ्याचे नाव चोरणाऱ्या संस्थेसाठी एकही कलम नाही. तो मामला पोलिसांचा! म्हणजे नीती संशोधकाने पाळायची आणि संस्थाचालकाने फक्त जामीन मिळवायचा?

त्या वर्षांत माझ्याकडे एक पोरगा आला. अर्ज भरायला गेला, तर त्याचे नाव आधीच कुठल्यातरी दूरच्या संस्थेत दाखल. त्या गावाचे नावही त्याने ऐकले नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने नोकरी लावतो म्हणून कागद नेले होते, एवढे आठवत होते. मी अर्ज लिहून दिला, त्याच्याबरोबर कार्यालयात तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला बाबूने त्यालाच विचारले, "दोन ठिकाणी नाव टाकलंस कशाला?"

त्याने त्या वर्षी प्रवेश घेतला नाही. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर पुडके मोजून देताना दिसला. मला पाहून त्याने मान खाली घातली.