अस्सल इटालियन, म्हणजे नक्की काय?

माझ्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची एक इटालियन पोलादी फ्रेम आहे, हे इथे नेहमी येणाऱ्या मंडळींना एव्हाना ठाऊक आहे. तिच्यावर मी नव्या जमान्याचे भाग चढवतोय हे कळल्यापासून दोन प्रकारचे प्रश्न येताहेत. नातेवाईक विचारतात, "नवेच भाग लावायचे होते तर जुनी घेतलीस कशाला?" आणि सायकलवाले मित्र विचारतात, "जुनी घेतलीस ना, मग नवे भाग लावून तिचं वाटोळं कशाला करतोस?"

प्रश्न उलटसुलट दिसले तरी दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. अशा सायकलीचं एक मूळचं, ठरलेलं, अस्सल रूप असतं आणि त्याला हात लावला की ते बिघडतं, ही ती समजूत. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. पण या सायकलींचा इतिहास वाचत गेलो तसतशी ती ढिली होत गेली. का, ते आज सांगतो.

आपल्याकडे सायकल घ्यायची म्हणजे दुकानात जाऊन अख्खी सायकल घ्यायची. घंटी, कॅरियर, मडगार्ड सगळ्यासकट. इटलीत शर्यतीच्या सायकलीचा हिशेब वेगळा होता. तो थेट शिंप्याकडे जाण्यासारखा होता म्हणा ना! कापड एका दुकानातलं, बटणं दुसऱ्या, शिलाई तिसऱ्याची. मिलान आणि आसपासच्या गावांमधले कारागीर फक्त फ्रेम आणि पुढचा फोर्क बनवायचे, तेही गिऱ्हाइकाच्या मापानं. एर्नेस्तो कोलनागोनं १९५४ साली मिलानजवळच्या कांबियागो गावात लहानसं दुकान थाटलं. उगो दे रोझा कुझानो मिलानिनोत काम करायचा. फालिएरो मासीची कार्यशाळा तर मिलानच्या विगोरेल्ली या सायकल-शर्यतीच्या धावपट्टीच्या खालीच होती. खाली फ्रेम जोडली जायची आणि वर ती पळायची.

हे लोक नळ्या स्वतः बनवत नव्हते. नळ्या यायच्या मिलानच्याच कोलंबसकडून. आंजेलो लुईजी कोलंबोनं १९१९ साली सुरू केलेला हा कारखाना. गियर, हब, क्रँक विचेन्झाच्या कॅम्पान्योलोचे. हँडल आणि स्टेम चिनेल्लीचं. (चिनो चिनेल्ली स्वतः शर्यतपटू, १९४३ ची मिलान-सान रेमो त्यानं जिंकली होती.) चाकं आणखी कुणी बांधायचा. म्हणजे ज्याला आपण 'कोलनागो' किंवा 'दे रोझा' म्हणतो, त्यातलं त्या कारागिराच्या हातचं काय? नळ्या कापून, लगमध्ये बसवून, पितळेनं नाहीतर चांदीनं डाग देऊन केलेली फ्रेम. बाकी सगळं बाहेरचं, आणि ते कुठलं लावायचं हे बरंचसं गिऱ्हाइकाच्या खिशावर अवलंबून.

गंमत म्हणजे फ्रेमवरचं नावसुद्धा दरवेळी खरं नसायचं. मोठ्या खेळाडूंचे करार सायकल कंपन्यांशी असायचे, पण विश्वास असायचा आपल्या कारागिरावर. मग फ्रेम मासीसारख्याकडून करून घ्यायची आणि वर रंग नि नाव कंपनीचं. आता सांगा, यातलं 'ओरिजिनल' काय?

बरं, बाहेरून येणारे भाग तरी स्थिर होते का? छे! तुल्लिओ कॅम्पान्योलो हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हताच. १९३० साली त्यानं क्विक रिलीजचं पेटंट घेतलं. पान्याशिवाय एका खटक्यासरशी चाक काढता येतं ना, ते. त्यानंतर आला त्याचा 'कांबियो कोर्सा'. यात मागच्या त्रिकोणाच्या वरच्या नळीवर दोन दांड्या असत. स्वारानं धावत्या सायकलवर मागे हात घालायचा, एका दांडीनं मागचं चाक सैल करायचं, पायडल उलटं फिरवत दुसऱ्या दांडीनं चेन दुसऱ्या दातऱ्यावर ढकलायची आणि चाक पुन्हा आवळायचं. वाचतानाच घाम फुटतो! पण याच यंत्रणेवर जिनो बार्तालीनं १९४८ ची टूर द फ्रान्स जिंकली. दोनेक वर्षांत कॅम्पान्योलोचाच 'ग्रान स्पोर्ट' डिरेलर आला आणि ती कसरत संपली. मग 'रेकॉर्ड', मग १९७० च्या दशकात 'सुपर रेकॉर्ड'. चाकावरची दातरी चाराची पाच, पाचाची सहा, सहाची सात झाली आणि त्यासाठी मागच्या चाकाची जागाही १२० मिलिमीटरवरून १२६ झाली.

पुढचा धक्का जपानहून आला. शिमानोनं १९८४ मध्ये ड्यूरा-एसमध्ये खटक्यावर गियर बदलणारी यंत्रणा आणली. तोवर नळीवरचा लिव्हर अंदाजानं, कानानं चेनची खरखर ऐकत हलवायचा असे. १९८८ ची जिरो द'इतालिया अँडी हॅम्पस्टेननं शिमानोच्या भागांवर जिंकली आणि विचेन्झाच्या बालेकिल्ल्याला खिंडार पडलं. १९९० मध्ये शिमानोनं ब्रेकच्या लिव्हरमध्येच गियर घातले. दोन वर्षांत कॅम्पान्योलोचं उत्तर आलं, एर्गोपॉवर. आणि १९९४ साली मिगेल इंदुराईननं टूर जिंकली ती पिनारेल्लोच्या पोलादी फ्रेमवर, हातात एर्गोपॉवर घेऊन!

म्हणजे 'पोलादी फ्रेम आणि आधुनिक लिव्हर' ही माझ्या डोक्यातून निघालेली खिचडी नाही. तो या सायकलींच्या इतिहासातलाच एक टप्पा आहे. त्या काळच्या शर्यतपटूला जुनी फ्रेम चांगली वाटत असेल तर तो नवा डिरेलर आला की तोच बसवायचा. पाच वर्षांपूर्वीचा संच 'काळाला धरून' आहे म्हणून त्यानं तो ठेवला असता तर संघाच्या मेकॅनिकनं वेड्यात काढलं असतं.

आता मापांकडे येतो, कारण माझा सगळ्यात लाडका पुरावा तिथेच आहे. क्रँकचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमच्या तळाची आडवी नळी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. इटालियन पद्धतीत तिच्या आट्यांचं माप आहे ३६ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. नीट वाचा. व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचाच्या हिशेबात! 'शुद्ध इटालियन' म्हणून ज्याचा अभिमान बाळगायचा, त्या मापाच्या पोटातच अर्धा इंग्रज बसलाय. चेनच्या कडीचं अंतर अर्धा इंच. सायकलची आडवी दांडी २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. सीटखालची नळी २८.६, म्हणजे सव्वा इंचाला अष्टमांश कमी. कोलंबसच्या एसएल जातीत त्या नळीची भिंत वरच्या टोकाला ०.६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे १.२ वजा केले की आत उरतात २७.४, आणि त्यात बसतो २७.२ चा सीटपोस्ट. आज कार्बनच्या कित्येक सायकलींना सीटपोस्ट २७.२ चाच लागतो! जुनं नि नवं इतकं वेगळं असतं तर हे झालं असतं का?

तर एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून मी माझ्या फ्रेमकडे वळलो. तिच्यावर कुणा प्रसिद्ध कारागिराचं नाव नाही, मिलानच्या बाजूची आहे एवढं खरं. मूळच्या पद्धतीनं सजवायची तर पुढे ५२ आणि ४२ दातांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठं दातरं २४ चं. चढावर ४२ भागिले २४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे पावणेदोन फेरे, जवळजवळ पावणेचार मीटर. विशीतल्या शर्यतपटूला ठीक आहे. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे आणि माझे गुडघे माझ्याहून मोठे आहेत. नव्या संचात पुढे ३४, मागे ३०. एका फेऱ्यात अडीच मीटरच्याही आत. हा फरक म्हणजे घाट सायकलवर बसून चढायचा की सायकल हातात धरून, एवढा आहे. मग ती फ्रेम रस्त्यावर राहणार की भिंतीवर टांगली जाणार, हेही त्यावरच ठरतं.

नवी चाकं १३० मिलिमीटरची, फ्रेम १२६ ची. चार मिलिमीटरचा फरक, दर बाजूला दोन. बरेच जण फ्रेम वाकवून कायमची रुंद करून घेतात आणि पोलाद ते निमूट सहन करतं. मी तेही केलं नाही. मागचे दोन चिमटे हातानं किंचित फाकवले की चाक आत बसतं आणि काढलं की फ्रेम परत आपल्या १२६ वर. हे लाड फक्त पोलादच पुरवतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनवर असला प्रयोग करू नये. नळीवर जुन्या गियर-लिव्हरसाठी डाग देऊन बसवलेली दोन बोंडं आहेत. तिथे आता केबल अडकवायचे छोटे थांबे बसले आणि गियर हँडलवर गेले. बॉटम ब्रॅकेटसाठी इटालियन आट्यांचे नवे बाहेरून बसणारे कप मिळतात. फक्त एक पथ्य. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, इटालियनमध्ये दोन्हीकडचे सुलटे. त्यामुळे उजवा कप चालवता चालवता सुटू पाहतो आणि तो चांगला दम देऊन आवळावा लागतो.

खरी कसोटी ब्रेकपाशी आली. जुन्या फोर्कला ब्रेकचा बोल्ट आरपार जाऊन मागे साधा नट लागतो. आजच्या बहुतेक ब्रेकना आत बुडणारा लांब नट लागतो आणि त्यासाठी मागचं भोक सहा मिलिमीटरचं आठ करावं लागतं. ड्रिल मशीन, पाच मिनिटांचं काम. पण हे काम परत फिरवता येत नाही. मी ते केलं नाही. जुन्या पद्धतीच्या नटाचे नवे ब्रेक शोधले, थोडे दिवस थांबावं लागलं, मिळाले.

आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं. अस्सलपणा भागांच्या यादीत नाही, कारण ती यादी कधी स्थिर नव्हतीच. तो आहे त्या एका गोष्टीत, जी कारागिराच्या हातची आहे आणि पुन्हा होणार नाही. तो भोक कुठे पाडतो, डाग किती पातळ वाहू देतो, लगच्या कडा किती घासतो, हे सगळं फ्रेममध्ये आहे. तेव्हा नियम एकच. जे पान्यानं लावता येतं ते पान्यानं काढता येतं, ते खुशाल बदला. जिथे करवत, कानस किंवा ड्रिल लागतं तिथे हात आवरा.

जुन्याच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे, तो टाळणं बरं नव्हे. १९९७ साली जानकार्लो ब्रोक्की यांनी तोस्कानातल्या गायोले इन कियांती इथे 'लेरोइका' सुरू केली. तिथे १९८७ च्या आधीच्याच सायकली चालतात. गियरचे लिव्हर नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलवरून मोकळ्या बाहेर. माझी सायकल आज आहे तशी तिथे उभी करणार नाहीत. पण हा नियम कशासाठी, ते बघा. तिथले पांढरे मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, लोकांना ते पुन्हा मोलाचे वाटावेत, ही त्यामागची तळमळ. २००७ पासून व्यावसायिक खेळाडूंची 'स्त्रादे बियांके' याच रस्त्यांवर होते आहे. जुने भाग तिथे देवघरातल्या समईसारखे आहेत. त्या दिवशी, त्या जागी तोच उजेड हवा. रोज वाचायला मात्र आपण ट्यूबलाइट लावतो, आणि त्यानं समईचा अपमान होत नाही.

मी 'नवे' म्हणतोय ते भागही किती दिवस नवे? कॅम्पान्योलोची २०२३ ची सुपर रेकॉर्ड वायरलेस फक्त डिस्कब्रेकसाठी निघाली. रिमवर दाबणारे ब्रेक वरच्या दर्जातून निघून चाललेत. डिस्कवाल्या चाकांना मागे १४२ मिलिमीटरची जागा आणि आरपार जाणारा जाड दांडा लागतो, आणि तो माझ्या फ्रेममध्ये, कितीही फाकवली तरी, बसणार नाही. म्हणजे माझा आजचा संच बहुधा या फ्रेमवर बसू शकणाऱ्या शेवटच्या काही संचांपैकी असेल. उगो दे रोझा २०२३ मध्ये गेले. त्या पिढीचे हात एकेक करून थांबताहेत आणि त्यांच्या फ्रेमना साजणारे भागही संपत चाललेत. मग आत्ताच, मिळताहेत तोवर, चालवायच्या नाहीत तर कधी?

जुने लिव्हर, जुने ब्रेक आणि फ्रीव्हील तेल लावून, कागदात गुंडाळून एका डब्यात ठेवलंय. डब्यावर चिठ्ठी आहे, कुठला बोल्ट कुठे जातो त्याची. पुढेमागे आमच्या घरातल्या कुणाला वाटलं, की ही होती तशी परत करावी, तर एका दुपारचं काम आहे. आणि नाही वाटलं, तर त्यानं त्याच्या जमान्याचे भाग लावावेत. फक्त ड्रिल मशीन शेजाऱ्याला देऊन टाकावी.