पट्टीचा मालक कोण?

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा किरकोळ वाटेल. मोबाईलवर कुठलंही अ‍ॅप उघडलं की वरती एक आडवी पट्टी दिसते. मधे शीर्षक, डावीकडे मागे जायचा बाण. आमच्या धंद्यात हिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. तिचा रंग बदलायचा, बस्स. काम एका ओळीचं! पण ही एक ओळ २००८ पासून इतक्या वेळा मोडलीय की तिचा इतिहास लिहायलाच हवा.

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर उघडलं. तेव्हा आयफोनचा पडदा ४८० पिक्सेल उंच आणि त्यातले ४४ पिक्सेल या पट्टीचे. मूळ रंग निळसर-करडा, चकचकीत. 'टिंटकलर' वापरून दुसरा रंग देता यायचा, पण चकाकी अ‍ॅपलचीच. म्हणजे भाड्याच्या घरासारखं. रंग तुमचा, भिंत घरमालकाची.

कंपन्यांना तेवढ्यावर समाधान कुठलं? त्यांना पट्टीवर स्वतःचं चित्र हवं होतं आणि त्याची अधिकृत सोय नव्हती. मग प्रोग्रामरांनी जुगाड काढला. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत दुसऱ्याच्या क्लासमध्ये बाहेरून आपला कोड घुसवता येतो. पट्टी स्वतःला जिथे रंगवते, नेमकं तेच फंक्शन लोकांनी बदललं. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आलं आणि हा जुगाड चालेनासा झाला. अर्थात चित्र लावायची सरळ सोयही त्याच आवृत्तीत मिळाली.

खरा दणका सप्टेंबर २०१३ चा. आयओएस ७ ने चकाकी, चामडं, हिरवं मखमल, सगळं काढून टाकलं. पट्टी अर्धपारदर्शक झाली. आणि गंमत म्हणजे 'टिंटकलर'चा अर्थच बदलला! आता तो बटणांचा रंग. पट्टीसाठी नवीन 'बारटिंटकलर'. जुना कोड तसाच ठेवलात तर लाल पट्टीऐवजी फिकट पट्टीवर लाल बटणं. शिवाय पारदर्शकतेमुळे नेमून दिलेला रंगही धुतलेल्या कपड्यासारखा दिसायचा. डिझायनर विचारणार, "हा आपला रंग नाही." बरोबर आहे, नाहीच!

अँड्रॉइडने २०१४ च्या लॉलिपॉपमध्ये उलटी वाट धरली. अ‍ॅपचा मुख्य रंग ठरवा. पट्टीला तो, आणि त्याच्याही वरच्या घड्याळ-बॅटरीच्या रांगेला त्याचीच गडद छटा. पण अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या अ‍ॅप्सना त्या रांगेचा रंग ठरवताच येत नाही. घरमालकाने तीही भिंत परत घेतली.

एव्हाना मोठे भाडेकरूही कंटाळले होते. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने आपली निळी पट्टी सोडून काळा-पांढरा वेष घेतला. का, तर लोक फोटो बघायला येतात, पट्टी बघायला नाही. २०१९ मध्ये फेसबुकनेही आपली प्रसिद्ध निळी पट्टी पांढरी केली.

त्याच २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर डार्क मोड आला. म्हणजे रंग एक नाही, दोन ठरवा. २०२१ मध्ये आयओएस १५ ने पान अगदी वर असताना पट्टी आपोआप पारदर्शक करायला सुरुवात केली. नव्या एक्सकोडने अ‍ॅप बांधलं की रंग गायब, आणि पांढरं शीर्षक पांढऱ्या पडद्यावर गडप. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ ची 'लिक्विड ग्लास' आली आणि अ‍ॅपलने सांगितलं, पट्टीमागचं तुमचं रंगकाम काढूनच टाका.

यात आपण कोणाला विसरलो? वाचणाऱ्याला! अ‍ॅपल आणि कंपन्या पट्टीवरून भांडत असताना, भर उन्हात बसस्टॉपवर उभ्या माणसाला ती अक्षरं दिसतात का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. काचेवरची अक्षरं वाचवत नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा आयओएस २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय थेट वापरणाऱ्याच्या हातात आला. डार्क मोडही तसाच, त्याच्याच मर्जीने चालणारा.

मला विचाराल तर हा इतिहास योग्य दिशेने चाललाय. रंग कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहून ठेवा, कारण तो पुन्हा बदलणारच. आणि लोगोशी जुळतो का हे बघण्याआधी फोन उन्हात धरून बघा. पट्टी शेवटी त्याची, ज्याला ती वाचायची आहे.